संगणकाची सकाळची कुरकुर

१९९० च्या सुमारास ज्या घरांत संगणक आला होता, त्या घरांतील मंडळींना एक अनुभव हटकून येई. यंत्र तीनचार वर्षें निमूटपणें चालावें, आणि मग त्याचें घड्याळ मागें पडूं लागावें. प्रथम पांच मिनिटें, मग तासभर, मग एखादा दिवस. घरांतील शाळकरी मुलगा खरी वेळ टाईप करी आणि काम पुढें चाले. दुसऱ्या सकाळीं पुन्हां तोच प्रकार. हळूहळू घराला त्याची संवय होई, आणि वडीलधाऱ्या माणसाच्या जुन्या खोकल्याकडे जसें कोणाचें लक्ष जाईनासें होतें, तसें ह्या घड्याळाकडेहि कोणाचें लक्ष जाईनासें होई. पुढें एके सकाळीं मात्र बटण दाबतांच काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी ओळ उमटे आणि यंत्र जागच्या जागीं थांबे. फ्लॉपीच्या आधारानें तें कसेंबसें चालूं करावें, तर तें आजची तारीख १ जानेवारी १९८० अशी सांगे, आणि आपल्या पोटांत हार्ड डिस्क नांवाची कांहीं वस्तु आहे ह्याचें त्याला स्मरणच उरलेलें नसे! मग धावाधाव होई. कोणी जाणता शेजारी किंवा दुकानांतला कारागीर येई, डिस्क मेली असा निर्णय देई, आणि ती नव्यानें ‘फॉरमॅट’ करून यंत्र पूर्ववत् चालूं करून दाखवी. यंत्र चाले खरें. पण तीन वर्षांचे हिशेब, अर्धवट लिहिलेला प्रबंध, मुलांचीं चित्रें, सर्व पुसून गेलेलें असे. आणि डिस्कला तर कधींच कांहीं झालेलें नव्हतें. मेली होती ती बोटाच्या पेराएवढी एक बॅटरी.

ह्या घोटाळ्यांत यंत्र खोटें बोललें असें म्हणतां येत नाहीं. पडद्यावरच्या ओळींत जें लिहिलें होतें तें अक्षरशः खरें होतें. तें ज्याला उद्देशून लिहिलें होतें तो मनुष्य मात्र त्या घरांत नव्हता. घरगुती संगणकाच्या सुरुवातीच्या दोषांचा इतिहास पाहूं गेल्यास हीच गोष्ट पुनःपुन्हां आढळते: यंत्राला स्वतःची प्रकृति तपासण्याचें आणि सांगण्याचें ज्ञान फार लवकर आलें, तें कोणाला सांगावयाचें हा प्रश्न मात्र पुष्कळ काळ कोणी नीटसा विचारलाच नाहीं.

१९७७ सालीं अमेरिकेंत ॲपल २, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हीं तीन यंत्रें एकाच वर्षीं बाजारांत आलीं, आणि संगणक प्रयोगशाळेंतून दिवाणखान्यांत शिरला. हीं यंत्रें आपली परीक्षा जुजबीच करीत. आठ किलोबाइटांचें पेट चालूं केलें कीं पडद्यावर ‘७१६७ बाइट मोकळे’ अशा अर्थाची ओळ येई. पांच वर्षांनीं, १९८२ सालीं आलेल्या कमोडोर ६४ ह्या यंत्राचा असाच आंकडा ३८९११ हा होता, आणि त्या पिढीच्या मुलांना तो आपल्या घराच्या क्रमांकासारखा पाठ होता. ही केवळ सलामी नव्हती. यंत्र आपल्या स्मृतीच्या एकेका घरांत कांहीं अंक ठेवी, तोच परत वाचून पाही, आणि जेथें वाचलेलें व ठेवलेलें जुळेना तेथें थांबून तोंवर मोजलेलीं घरें सांगे. एखादी स्मृतीची चिप बिघडली कीं आंकडा उतरे. ज्याला ३८९११ पाठ होता त्याला दोष तत्काळ कळे. ज्याला नव्हता त्याला कांहींच कळत नसे, कारण यंत्र चुकीचा आंकडाहि तितक्याच प्रसन्नपणें दाखवी.

ह्याच कमोडोर ६४ च्या घराण्यांत वारंवार उलटणाऱ्या दोषाचा एक नमुनेदार दाखला आहे. पडदा सकाळीं नुसता काळा राही. कारागीर तपासून मेमरीची चिप जळल्याचें सांगे, ती बदले, यंत्र चालूं लागे. महिन्या-दोन महिन्यांनीं पुन्हां काळा पडदा, पुन्हां चिप जळलेली. निदान दरवेळीं बरोबर आणि उपायहि दरवेळीं बरोबर. तरी रोग जाईना! खरा दोष यंत्रांत नव्हताच, तो भिंतीजवळ जमिनीवर पडलेल्या विजेच्या ठोकळ्यांत होता. हा ठोकळा राळेसारख्या पदार्थानें आंतून भरून बंद केलेला असे. उष्णता बाहेर पडण्यास वाट नाहीं, आणि उघडून दुरुस्त करण्याचीहि सोय नाहीं. जुना झाला कीं त्यांतील नियंत्रक भाग बिघडून पांच व्होल्टांऐवजीं अधिक दाब सोडूं लागे आणि नाजूक चिपांचा बळी घेई. चिप हें लक्षण होतें. दुकानांत मात्र यंत्र एकटेंच नेलें जाई, ठोकळा घरींच राही, आणि दुकानाच्या चांगल्या ठोकळ्यावर यंत्र उत्तम चाले. रोगी वैद्याकडे जातांना ज्या विहिरीचें पाणी पितो ती विहीर घरींच ठेवून जातो, त्यांतलाच हा प्रकार.

स्वतःची परीक्षा शास्त्रशुद्ध रीतीनें करणारा घरगुती संगणक आला तो १२ ऑगस्ट १९८१ रोजीं. त्या दिवशीं आयबीएम कंपनीनें आपला ‘पर्सनल काँप्युटर’ जाहीर केला. ह्या यंत्रांत कायम कोरलेली एक लहानशी आज्ञावलि होती. तिला बायॉस म्हणतात. हें नांव आयबीएमचें नव्हे; गॅरी किल्डॉल ह्यानें १९७० च्या दशकांत आपल्या सीपी/एम ह्या प्रणालींत तें रूढ केलें होतें. बटण दाबतांच बायॉस प्रथम जें करी त्याला ‘पॉवर ऑन सेल्फ टेस्ट’, थोडक्यांत ‘पोस्ट’, असें नांव पडलें. ह्या परीक्षेचा क्रम मोठा विचारपूर्वक ठरविलेला होता. आधीं प्रोसेसरनें स्वतःचीं अंगें तपासावयाचीं. मग कोरलेल्या आज्ञावलीच्या अंकांची बेरीज करून ती ठरलेल्या बेरजेशीं जुळते कीं नाहीं तें पाहावयाचें. मग वेळ राखणारा भाग, मग स्मृतीचा पहिला तुकडा, मग पडदा, मग उरलेली स्मृति, आणि शेवटीं कीबोर्ड व फ्लॉपी.

येथें अभियंत्यांपुढें एक गमतीची अडचण उभी राहिली. परीक्षेचा निकाल सांगावयाचा कोणाच्या तोंडून? पडदाच बिघडलेला असेल तर पडद्यावर लिहून उपयोग नाहीं. म्हणून यंत्राच्या पोटांतील साध्या भोंग्याकडे हें काम सोंपविलें गेलें. एक आंखूड शिटी म्हणजे सर्व क्षेम; एक लांब आणि दोन आंखूड म्हणजे पडदा चालविणाऱ्या कार्डांत दोष. आणि त्याहिपूर्वीं, भोंगा वाजविण्याइतकेंहि बळ नसेल तर यंत्र मुकाट्यानें थांबे. तें मौनसुद्धां अर्थपूर्णच होतें: ज्या परीक्षा शिटीच्या आधीं होतात, त्यांतच कोठें तरी घोडें अडलें आहे, एवढें जाणत्याला त्यावरून कळे.

पडदा शाबूत असला म्हणजे यंत्र आंकड्यांत बोलूं लागे. एकशें पासूनचे आंकडे मुख्य फलकाचे, म्हणजे मदरबोर्डचे. दोनशें एक हा स्मृतीचा. तीनशें एक कीबोर्डचा. सहाशें एक फ्लॉपीचा. आणि १९८३ सालीं एक्सटी ह्या यंत्राबरोबर हार्ड डिस्क आल्यावर तिचा सतराशें एक. ह्यांतील दोनशें एकच्या आधीं आणखी चार चिन्हें उमटत, आणि तींच सर्वांत मोलाचीं. मुख्य फलकावर स्मृतीच्या चिपांच्या चार रांगा असत, दर रांगेंत नऊ. आठ चिपा माहितीच्या आणि नववी त्या आठांवर पहारा करणारी. पहिलीं चिन्हें रांग सांगत, शेवटचीं चिन्हें त्या रांगेंतील चिप सांगत. छत्तीस सारख्या काळ्या किड्यांतून नेमका कोणता आजारी आहे तें यंत्र स्वतः सांगत होतें! इतकें नेमकें बोलणारीं यंत्रें पुढें फारशीं झालीं नाहींत. १९८४ च्या जानेवारींत आलेल्या ॲपलच्या मॅकिंटॉशनें हीच युक्ति वापरली. त्याच्या सोळा चिपांपैकीं कोणती बिघडली तें शेवटच्या चार चिन्हांत दडलेलें असे. फक्त त्या आंकड्यांवर डोळ्यांच्या जागीं फुल्या असलेलें एक दुर्मुखलेलें चिमुकलें यंत्र काढलेलें असे. घरच्या मंडळींना चित्र कळे, आंकडे कळत नसत.

आयबीएमच्या यंत्राबरोबर गिऱ्हाइकाला जें पुस्तक मिळे त्यांत ह्या आंकड्यांचा उलगडा जेमतेमच होता. बरोबर एक परीक्षेची फ्लॉपी असे, आणि तिच्या प्रश्नांना उत्तरें देत गेलें कीं बहुतेक वाटा विक्रेत्याच्या दाराशीं जाऊन पोंचत. रांग आणि चिप उलगडून सांगणारें दुरुस्तीचें पुस्तक वेगळें विकत घ्यावें लागे. कंपनीनें कांहीं लपविलें होतें असें मात्र म्हणतां येणार नाहीं. तांत्रिक संदर्भग्रंथांत तर बायॉसची आज्ञावलि ओळन् ओळ छापून दिली होती. पण जी माहिती तिसऱ्या पुस्तकांत आहे ती सामान्य घरापुरती नसल्यासारखीच. यंत्र घरांत आलें होतें, आणि बोलत होतें कारखान्याशीं.

ह्याच काळांतील एका कळीच्या जन्माची कथा येथें सांगण्यासारखी आहे. स्मृति जितकी मोठी तितकी ही परीक्षा लांबे, आणि आज्ञावल्या लिहिणाऱ्या अभियंत्यांना दिवसांतून अनेकदां यंत्र नव्यानें चालूं करावें लागे. दरवेळीं ती परीक्षा पाहत बसण्याचा कंटाळा येऊन डेव्हिड ब्रॅडली ह्या अभियंत्यानें तीन कळा एकदम दाबण्याची युक्ति काढली: कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट. ह्या तीन कळांनीं यंत्र नव्यानें उठे, पण स्मृतीची परीक्षा टाळून. ती युक्ति कारखान्यापुरतीच होती. पुढें ती घरोघरीं पसरली आणि अडलेल्या यंत्रावरचा रामबाण ठरली. गृहस्थानें हा बाण मारला कीं यंत्र उठे खरें. पण ज्या परीक्षेंत बिघडलेली चिप सांपडावयाची तीच नेमकी टाळली जाई. दोष दबून राही आणि दुपारीं मध्येंच कोठें तरी डोकें वर काढी.

सकाळच्या कुरकुरीचें मूळ मात्र १९८४ च्या ऑगस्टमध्यें आहे. त्या महिन्यांत आयबीएमनें एटी हें यंत्र आणलें. तोंवर संगणकाला काळाचें भान नसे. चालूं करतांना तो तारीख विचारी, आणि न सांगितल्यास १ जानेवारी १९८० धरून चाले, कारण डॉस ह्या प्रणालीचें पंचांगच त्या दिवसापासून सुरूं होतें. एटींत मोटोरोला कंपनीची घड्याळाची एक चिप बसविण्यांत आली. तिच्या पोटांत चौसष्ट बाइटांची टीचभर स्मृति होती. त्यांतील चौदा घड्याळाला लागत. उरलेल्या पन्नासांत यंत्र आपली ओळख लिहून ठेवी: स्मृति किती, फ्लॉपी कोणत्या जातीची, पडदा कोणता, आणि हार्ड डिस्क कोणत्या क्रमांकाच्या जातीची. यंत्र बंद असतांना ह्या चौसष्ट बाइटांना जागें ठेवण्याचें काम एका बॅटरीचें.

ही सोय फार उपयुक्त होती, परंतु तिनें यंत्राच्या प्रकृतींत एक नवाच दुवा घातला. लोखंड, तांबें, काच ह्यांचीं अंगें पंधरावीस वर्षें टिकावयाचीं, आणि त्यांची सर्व ओळख तीनचार वर्षें टिकणाऱ्या बॅटरीच्या स्वाधीन! बॅटरी उतरली कीं एकशें एकसष्ट आणि एकशें त्रेसष्ट हे आंकडे दिसत. पहिला म्हणजे यंत्राची मांडणी विसरली, बहुधा बॅटरीच्या दोषानें. दुसरा म्हणजे वेळ व तारीख लाविलेली नाहीं. मांडणी पुन्हां शिकविण्याची आज्ञावलि एका फ्लॉपीवर असे. ती हरवली असेल तर प्रश्नच मिटला. पुढें इतर कारखानदारांनीं ही आज्ञावलि बायॉसमध्येंच घातली, हें त्यांचें मोठेंच उपकार.

हार्ड डिस्कच्या जातीचा क्रमांक हें ह्यांतलें सर्वांत धोक्याचें ठिकाण. त्या काळची डिस्क स्वतःविषयीं कांहीं सांगत नसे. तिच्यावर वर्तुळें किती, वाचणारीं डोकीं किती, एका वर्तुळाचे भाग किती, हे तीन आंकडे यंत्राला बाहेरून कळवावे लागत. आरंभीं ठराविक जातींची एक यादी होती. पुढें डिस्का इतक्या नानाविध झाल्या कीं कांहीं बायॉसांत ‘जात सत्तेचाळीस’ म्हणून एक रिकामी जागा सोडली, आणि तींत हवे ते तीन आंकडे मालकानें भरावे अशी व्यवस्था झाली. बॅटरी मेली कीं हे आंकडे गेले. आंकडे परत भरले कीं डिस्क जशीच्या तशी, सर्व हिशेब आणि प्रबंध जागच्या जागीं. चुकीचे आंकडे भरून डिस्क ‘फॉरमॅट’ केली कीं सर्व संपलें. शहाणे लोक हे तीन आंकडे एका कागदावर लिहून तो यंत्राच्या पत्र्याला आंतून चिकटवून ठेवीत. त्या काळांतील दुरुस्तीची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उत्तम योजना हीच होय, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

बॅटरीचे पुढचे अवतारहि बोधप्रद आहेत. १९८० च्या अखेरच्या आणि १९९० च्या पहिल्या वर्षांत पुष्कळ कारखानदार पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियमची बॅटरी मदरबोर्डवर डाख देऊनच बसवीत. यंत्र चालूं असतांना ती भरे, त्यामुळें बदलण्याचें कारण नाहीं असा त्यांचा हिशेब. पण वर्षानुवर्षांनीं तिच्यांतून क्षार पाझरूं लागे आणि फलकावरच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकी. कित्येक फलकांवर ही बॅटरी कीबोर्डच्या जोडाशेजारींच बसविलेली असे. म्हणून पाझर फुटला कीं यंत्र पहिली तक्रार करी ती कीबोर्डची! मालक नवा कीबोर्ड आणी, तक्रार कायम. आणखी एक आणी; तक्रार कायम. दोन कीबोर्डांचे पैसे गेल्यावर कोणी तरी झांकण उघडी, आणि आंत हिरवटनिळी बुरशी चढल्यासारखा फलक दिसे.

दुसरा अवतार डॅलस सेमिकंडक्टर कंपनीचा. त्यांनीं घड्याळाची चिप आणि बॅटरी एकाच काळ्या ठोकळ्यांत बंद केली; दहा वर्षें टिकेल असा त्यांचा अदमास होता, आणि तो बहुतेक खरा ठरला. पण अकराव्या वर्षीं काय? तेव्हां हौशी कारागिरांनीं त्या ठोकळ्याची पाठ कानशीनें घांसून आंतल्या तारा उघड्या केल्या आणि तेथें बाहेरून नवी बॅटरी जोडली. शेवटीं १९९० च्या दशकाच्या मध्यावर सर्वांना सुचलें तें सर्वांत साधें: खांचेंत बसणारी, नाण्यासारखी चपटी लिथियम बॅटरी. तिच्यावरील सीआर २०३२ ह्या खुणेंत तिचें मापच लिहिलेलें आहे. व्यास वीस मिलिमीटर, जाडी तीन पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर. ती दोन बोटांनीं काढतां येते आणि घड्याळजीच्या दुकानांत मिळते.

एवढ्यांत यंत्राची भाषाहि एक राहिली नव्हती. कॉम्पॅक कंपनीनें १९८२ सालीं जाहीर केलेल्या यंत्रासाठीं आयबीएमच्या बायॉससारखाच वागणारा, पण त्यांतील एकहि ओळ न उचलतां नव्यानें लिहिलेला बायॉस तयार केला. १९८४ सालीं फिनिक्स कंपनीनें तसा बायॉस कोणालाहि विकण्यास आरंभ केला. अवॉर्ड ही आणखी एक कंपनी. आणि १९८५ सालीं जॉर्जिया संस्थानांत एस. शंकर ह्या मूळच्या भारतीय गृहस्थांनीं स्थापन केलेली अमेरिकन मेगाट्रेंड्स ही तिसरी. यंत्रें स्वस्त झालीं, जगभर गेलीं, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन ती जोडतां येऊं लागलीं. पण प्रत्येक बायॉसची शिटी निराळी. आयबीएमच्या यंत्रांत एक आंखूड शिटी म्हणजे सर्व ठीक. अमेरिकन मेगाट्रेंड्सच्या कोष्टकांत एक शिटी म्हणजे स्मृतीला ताजी ठेवणारी व्यवस्था बंद पडली! फिनिक्सच्या शिट्या तारायंत्राप्रमाणें गटागटांनीं वाजत. आंकडे जाऊन त्यांच्या जागीं इंग्रजी वाक्यें आलीं, ही सुधारणा खरीच; पण वाक्यें लिहिणाऱ्यांच्या मनांतला वाचक अजूनहि घरचा नव्हता. कीबोर्ड सांपडत नाहीं, पुढें जाण्यासाठीं एफ १ कळ दाबा, ही सूचना अनेक वर्षें जशीच्या तशी छापली जात होती, आणि कळ कोठची दाबावी हें तिच्या कर्त्याला कोणी विचारलें नाहीं.

सकाळच्या तक्रारींत आणखी एक नित्याची होती ती फ्लॉपीची. रात्रीं कोणी तरी फ्लॉपी खांचेंत विसरे. सकाळीं यंत्र आधीं तिच्याकडे जाई, तिच्यावर प्रणाली नाहीं असें पाहून तक्रार करी आणि एखादी कळ दाबण्यास सांगे. फ्लॉपी काढून कळ दाबली कीं झालें. निरुपद्रवी वाटणाऱ्या ह्या चुकीच्या दारानेंच पहिले विषाणु आंत आले. फ्लॉपीवर प्रणाली असो वा नसो, तिचा पहिला भाग यंत्र वाचतेंच आणि त्यांत जें लिहिलें असेल तें आज्ञा म्हणून पाळतें. १९८६ सालीं लाहोरमध्यें लिहिला गेलेला ‘ब्रेन’ तेथेंच बसला. १९९० सालीं भारतांत आढळलेल्या एका विषाणूचें नांव तर ‘जोशी’ असें होतें. ५ जानेवारीला तो यंत्र अडवून धरी आणि जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा टाईप करण्याचा आग्रह करी. त्या दिल्या कीं यंत्र पुन्हां चाले. गम्मत वाटते, पण हा जोशी चिवट होता; ब्रॅडलीच्या तीन कळांनीं यंत्र पुन्हां उठविलें तरी तो स्मृतींतून जात नसे. त्याच्यासाठीं विजेचें बटणच बंद करावें लागे, आणि मग स्वच्छ फ्लॉपीवरून यंत्र उठवावें लागे. ६ मार्च ह्या दिवशीं डिस्कचा आरंभींचा भाग पुसून टाकणाऱ्या ‘मायकेलँजेलो’नें १९९२ सालीं जगभर घबराट उडविली.

पुण्यांतील क्विक हील ह्या कंपनीचा उगम ह्याच दुखण्यांत आहे. कैलाश काटकर ह्यांचें दुरुस्तीचें दुकान होतें. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांत विषाणूंनीं पछाडलेलीं यंत्रें पुष्कळ असत, आणि त्यांचे धाकटे बंधु संजय काटकर ह्यांनीं विद्यार्थिदशेंतच त्यांवर उतारे लिहिण्यास आरंभ केला. तेंच यंत्र तीच तक्रार घेऊन पुन्हां दारांत येतें, ह्या निरीक्षणांतून पुढचा धंदा उभा राहिला.

ह्या विषाणूंवर एक सर्रास तोडगा केला जाई. डॉसमध्यें डिस्कच्या पहिल्या भागावरील आज्ञावलि नव्यानें लिहिणारी एक आज्ञा होती. पुस्तकांत तिचा उल्लेख नसे, पण कारागिरांच्या तोंडीं ती असे. बहुतेक विषाणु तिनें जात. परंतु ‘मंकी’सारखे कांहीं विषाणु डिस्कच्या विभागांचा तक्ता सांकेतिक करून दुसरीकडे दडवून ठेवीत, आणि मागणी आली कीं स्वतःच उलगडून देत. तेथें ही आज्ञा दिली तर विषाणु जाई आणि त्याच्याबरोबर तक्त्याची किल्लीहि जाई; डिस्क वाचतांच येत नसे. एकाचें औषध दुसऱ्याला विष होतें ह्याचा हा ढळढळीत दाखला.

कांहीं तक्रारींचें मूळ मात्र नुसत्या ऊनथंडींत असे. यंत्र तापतें, निवतें. त्यामुळें खांचेंत बसविलेल्या चिपा वर्षानुवर्षें केसभर वर सरकतात, आणि एके दिवशीं संबंध तुटतो. ॲपलच्या १९८० सालच्या ॲपल ३ ह्या यंत्रांत हा दोष इतका बळावला कीं यंत्र दोनतीन इंच उचलून टेबलावर आपटण्याचा सल्ला गिऱ्हाइकांना दिला गेला. हसूं येतें, पण उपाय लागू पडे! जुन्या डिस्कांचीं डोकीं रात्रभर तबकडीला चिकटून बसत, त्यांना सकाळीं हलकी टिचकी मारावी लागे. आपल्याकडे पावसाळ्यांत दमट हवेनें कार्डांच्या कडा काळवंडत, आणि शाळेच्या दप्तरांतला खोडरबर घांसून त्या उजळतां येत, हें तर कित्येक घरांतल्या मुलांना ठाऊक होतें. २००० सालाच्या आगेमागें बनलेल्या कित्येक मदरबोर्डांवरील संधारक, म्हणजे कपॅसिटर, सदोष द्रवामुळें डोक्यावर फुगून येत. असें यंत्र सकाळीं पहिल्या खेपेस उठत नसे, तिसऱ्या-चौथ्या खेपेस उठे, आणि एकदां तापलें कीं दिवसभर चाले. मालक पुन्हां पुन्हां बटण दाबण्यास शिके आणि कारागिराकडे नेतांना यंत्र वाटेंत तापलेलें नसलें तरी त्याच्या टेबलावर नेमकें चौथ्या खेपेस उठे.

दोन हजारच्या पुढें बायॉसची जागा हळूहळू यूईएफआय ह्या नव्या व्यवस्थेनें घेतली. डिस्का आपले आंकडे स्वतः सांगूं लागल्या, फ्लॉपी गेली, आणि चालूं होतांना उमटणाऱ्या ओळींवर कारखानदाराचें बोधचिन्ह झांकण म्हणून आलें. परीक्षा आजहि होते; निकाल मात्र पडद्याआड राहतो. पुष्कळ यंत्रांत भोंगाच उरलेला नाहीं, त्याऐवजीं एखादा दिवा ठराविक वेळां मिचकतो. नाण्यासारखी बॅटरी मात्र मेजावरच्या बहुतेक संगणकांत अजून आहे, आणि ती उतरली कीं घड्याळ आजहि पांचपांच मिनिटांनीं मागें पडूं लागतें.

१९८० आणि १९९० च्या दशकांतलीं यंत्रें जतन करणारी हौशी मंडळी आज जगभर आहेत. माळ्यावरून असें एखादें यंत्र खालीं आलें कीं त्यांतील जाणते लोक तें लगेच विजेला जोडीत नाहींत. आधीं झांकण उघडतात, पिंपाच्या आकाराची बॅटरी शोधतात आणि ती कापून काढतात. क्षार पाझरलेला असेल तर पातळ व्हिनेगरनें जागा पुसून, धुऊन वाळवितात. नंतर विजेचा ठोकळा निराळा काढून त्याचा दाब मोजतात. पत्र्याच्या आंतल्या बाजूस एखादा पिवळा पडलेला कागद चिकटविलेला आहे का, तेंहि पाहतात. त्यावर तीन आंकडे असतील तर ते उतरून घेतात, आणि मगच बटण दाबून पहिली शिटी ऐकतात.